वळणावरचा बळी आणि महिन्याचा आकडा



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणास वाहिलेला आहे. २ तारखेस आपण कबरस्थानात जातो, कबरींवरचे गवत काढतो, मेणबत्त्या लावतो आणि महिनाभर वेदीपाशी ठेवलेल्या पेटीत आपल्या मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतो. आमच्या धर्मग्रामात नावापुढे वय लिहिण्याची जुनी चाल आहे. यंदा त्या चिठ्ठ्या वाचताना आमचा आवाज काही ठिकाणी अडखळला. ८०, ७६, ९१ अशी वये वाचली की मनुष्य दुःखी होतो, पण पिकले पान गळाले असे म्हणून मनाची समजूत घालतो. मध्येच १९ येते, २२ येते, ३१ येते. ही माणसे कोणत्या आजाराने गेली, असे कोणा परक्याने विचारले तर बहुतेकांच्या बाबतीत उत्तर एकच आहे. ती रस्त्यावर गेली.

बेळगाव शहराच्या दक्षिणेस खानापूरकडे जाणारा रस्ता आमच्या पुष्कळ वाचकांच्या पायाखालचा आहे. उद्यमबागेतले कारखाने मागे पडले की पिरनवाडी लागते, मग मच्छे लागते. एके काळी ही शेतकऱ्यांची गावे होती; आता ती शहराची उपनगरे झाली आहेत. हाच रस्ता पुढे लोंढ्यावरून गोव्यात उतरतो. शहराभोवतीच्या सगळ्याच रस्त्यांवर सकाळी खेड्यांतील तरुण मोटारसायकलीवरून कारखान्यात जातात आणि दिवेलागणीला त्याच रस्त्याने घरी परततात. त्यांच्यामधून मालमोटारी धावतात, गोव्याच्या बस धावतात, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या ट्रॉल्या डुलत जातात. अशाच एका उपनगराला लागून आमचे गाव आहे.

दर महिन्याच्या आरंभी त्या उपनगरातील गेल्या महिन्याच्या अपघातांचा आकडा वर्तमानपत्रात छापून येतो. आकडा चढला असेल तर ठळक अक्षरांत बातमी येते, उतरला असेल तर कोपऱ्यात येते. रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या अंगणात या आकड्यावर बोलणे होते. कोणी पोलिसांना दोष देतो, कोणी रस्ता करणाऱ्याला, कोणी नशिबाला. त्या आकड्याविषयी आज आम्हास चार शब्द लिहावयाचे आहेत. ते लिहिण्याचे कारण थोडे आमच्या स्वतःच्या चुकीशी निगडित आहे, म्हणून प्रथम ती चूक सांगतो.

आमच्या गावाकडे फुटणाऱ्या रस्त्यावर चिंचेच्या झाडापाशी एक वळण आहे. काही वर्षांपूर्वी तेथे एकाच महिन्यात लागोपाठ तीन अपघात घडले. लोक म्हणू लागले की ही जागा बळी मागते. कोणी अमावास्येचा हिशेब जुळवला, कोणी फार पूर्वी तेथे मेलेल्या एका वाटसरूची गोष्ट काढली. अशा बोलण्याला ख्रिस्ती श्रद्धेत स्थान नाही हे आम्ही व्यासपीठावरून सांगितले. परंतु लोकांची भीती जावी म्हणून एका संध्याकाळी सर्वांना घेऊन तेथे गेलो, पवित्र माळेची प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले आणि एक लाकडी क्रूस रोवला. पुढचे तीन महिने त्या वळणावर एकही अपघात झाला नाही. लोक आनंदले. "फादर, जागा शुद्ध झाली," असे ज्याने त्याने आम्हास सांगितले. आम्ही त्यांना थांबवावयास हवे होते. आम्ही हसलो आणि गप्प राहिलो. खरे सांगावयाचे तर ते ऐकणे आम्हास गोड वाटले.

चौथ्या महिन्यात आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण कामावरून परतताना गेला. वळणावर नव्हे, वळणापासून बऱ्याच अंतरावर, सरळ, सपाट रस्त्यावर. उसाची एक ट्रॉली चाक बिघडल्यामुळे रस्त्याच्या कडेस उभी होती. तिच्या मागे दिवा नव्हता, रेडियमची पट्टी नव्हती. अंधार नुकताच पडला होता. तरुणाने हेल्मेट घातले नव्हते. ते घरी दाराआडच्या खुंटीला टांगलेले होते. अंत्यविधीनंतर त्याच्या आईने आम्हास विचारले, "फादर, जागा तर तुम्ही शुद्ध केली होती ना?"

त्या वेळी आम्ही तिला उत्तर देऊ शकलो नाही. तिच्या प्रश्नाने मात्र आम्हास आकड्यांकडे नीट पाहण्यास भाग पाडले. जे समजले ते येथे मांडतो.

शेतकऱ्याला परिचित असे एक उदाहरण घेऊ. बारा सारखे वाफे करा आणि अठ्ठेचाळीस दाणे हाताने फोकून टाका. सरासरीने प्रत्येक वाफ्यात चार दाणे पडावयास हवेत. प्रत्यक्षात तसे कधी होत नाही. एखाद्या वाफ्यात सात दाणे पडतात, एखाद्यात एकच पडतो, आणि त्या वाफ्यांच्या मातीत काही भेद असतो असे नाही. आता वाफ्यांच्या जागी बारा महिने माना आणि दाण्यांच्या जागी अपघात. ज्या छोट्या गावात महिन्याला सरासरी चार अपघात घडतात, तेथे रस्ता तोच, माणसे तीच, वेग तोच राहिला तरीही दोन वर्षांत एखादा महिना आठ किंवा अधिक अपघातांचा निघणे आणि दोन-एक महिने एक किंवा शून्य अपघाताचे निघणे हे केवळ गणिताने अपेक्षित आहे. त्यासाठी भूत लागत नाही, अमावास्या लागत नाही.

याचीच दुसरी बाजू अधिक ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या वाफ्यात एकदा सात दाणे पडले, त्यात पुढच्या खेपेस बहुधा चाराच्या आसपासच पडतील. मंत्र म्हटला तरी, न म्हटला तरी. माणूस उपाय करतो तो नेहमी वाईट महिन्यानंतर. मग पुढचा महिना आपोआप बरा जातो आणि त्याचे श्रेय उपायाला मिळते. गतिरोधक घातला, फलक लावला, पोलिस उभा केला, किंवा आमच्यासारख्याने क्रूस रोवला, तरी हाच भ्रम होऊ शकतो. गतिरोधकाचा उपयोग नाही असे आमचे म्हणणे नाही. वेग कमी झाला म्हणजे जीव वाचतात हे खचित. प्रार्थना व्यर्थ असते असे तर आम्ही कधीच म्हणणार नाही. परंतु प्रार्थनेचे फळ एका महिन्याच्या आकड्यात मोजू गेल्यास पुढच्या महिन्याचा आकडा आपल्या श्रद्धेलाच धक्का देतो. त्या मातेच्या बाबतीत तेच घडले, आणि तो दोष तिचा नव्हता.

मग महिन्याच्या आकड्यांतून काही कळत नाही काय? कळते, परंतु ते धीराने वाचावे लागतात. फेब्रुवारीचे दिवस २८, जानेवारीचे ३१; म्हणून फेब्रुवारीचा आकडा काही न करताही सुमारे दहाव्या हिश्श्याने कमी दिसतो. डिसेंबराची तुलना सप्टेंबराशी करू नये, कारण डिसेंबरात ऊस रस्त्यावर असतो आणि सप्टेंबरात तो शेतात उभा असतो. यंदाचा डिसेंबर गेल्या डिसेंबराशेजारी ठेवावा, आणि तोही एकट्याने नव्हे. तीन, चार, पाच वर्षांचे डिसेंबर एकत्र मांडावेत. गाव लहान असेल तर शेजारची गावे, सगळा तालुका, सगळा जिल्हा हिशेबात घ्यावा. मूठभर दाण्यांत दिसत नाही ते पोतेभर दाण्यांत दिसते.

असे पोते देशाच्या सरकारने दर वर्षी भरून ठेवलेले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दर दिवशी सुमारे ४६०, दर तासास १९. रविवारची मिस्सा आटोपून आपण घरी पोहोचतो तेवढ्या अवधीत देशात १९ घरांवर आकाश कोसळते. २०२३ साली मृतांची संख्या १,७२,००० च्या वर गेली. मरणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश १८ ते ४५ वर्षांच्या वयाचे होते. आणि शंभरांतील अडुसष्ट मृत्यू ग्रामीण भागात घडले होते. आपण समजतो की अपघात हे शहराचे दुखणे आहे. वस्तुतः ते खेड्याचे दुखणे झाले आहे.

महिन्यांचा विचार केला तर देशाच्या आकड्यांत साधारणतः उन्हाळ्यात, मे-जूनच्या सुमारास, चढ दिसतो आणि पावसाळ्याच्या भरात, ऑगस्ट-सप्टेंबराकडे, उतार दिसतो. हे वाचून आम्हास प्रथम आश्चर्य वाटले. निसरडा रस्ता, भरलेले खड्डे, न दिसणारी वाट, आणि तरीही अपघात कमी? कारण साधे आहे. पावसात माणूस गरज असेल तरच बाहेर पडतो आणि जपून जातो. उन्हाळ्यात लग्ने असतात, सुट्ट्या असतात, पाहुणे असतात, रस्ता कोरडा आणि मोकळा असतो, आणि मनुष्य निर्धास्त असतो. त्याच अहवालानुसार २०२२ मधील अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश सरळ रस्त्यांवर घडले होते आणि बहुसंख्य अपघात स्वच्छ हवेत घडले होते. वळणाला आपण भितो म्हणून वळणावर सावध असतो. ज्याला आपण भीत नाही, तो सरळ रस्ता अधिक माणसे घेतो.

बाकीची अक्षरेही तितकीच स्पष्ट आहेत. संध्याकाळी ६ ते ९ हे तीन तास म्हणजे दिवसाचा आठवा भाग. परंतु अपघातांचा सुमारे पाचवा हिस्सा त्या तीन तासांत घडतो. मृतांपैकी शंभरांत चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते, आणि एकोणीसहून अधिक पायी चालणारे. शंभरांतील एकाहत्तर मृत्यूंच्या मागे अतिवेग नोंदलेला होता. आणि ५०,०२९ मृत असे होते की ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेली पत्नी, मागे बसलेला भाऊ, बाजारातून परतणारी आई. हेल्मेट चालवणाऱ्याने घालावयाचे असते आणि मागच्याने केवळ धरून बसावयाचे असते, अशी आपली समजूत आहे. कायदा दोघांनाही हेल्मेट सांगतो, आणि मरण तर दोघांना सारखेच ओळखते.

येथे कोणी वाचक म्हणेल, फादर, आयुष्याची दोरी देवाच्या हाती. हेल्मेट काय करणार? हे वाक्य आम्ही प्रत्येक अंत्यविधीच्या वेळी ऐकतो. यावर पवित्र शास्त्र काय म्हणते ते पाहू. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना अशी आज्ञा आहे की नवे घर बांधणाऱ्याने आपल्या धाब्याला कठडा घालावा; नपेक्षा वरून कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल. ज्या देवाच्या हाती आयुष्याची दोरी आहे, त्याच देवाने कठडा बांधण्यास सांगितले. हेल्मेट हा डोक्याचा कठडा आहे. ट्रॉलीच्या मागची तांबडी रेडियमची पट्टी हा दुसऱ्याच्या जिवाचा कठडा आहे. तो न बांधणाऱ्याने देवाच्या इच्छेकडे बोट दाखवू नये.

आणि शिलोहाच्या बुरुजाची हकीकत लूकच्या शुभवर्तमानात आहे. बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने निक्षून सांगितले. म्हणून रस्त्यावर गेलेल्या मुलाच्या घरी जाऊन "कोणाचे काय पाप आड आले कोण जाणे" असे कुजबुजणे हे प्रभूच्या शब्दाविरुद्ध आहे. मात्र त्याच ठिकाणी प्रभूने जिवंत राहिलेल्यांना पश्चात्तापाचे आमंत्रण दिले, हेही विसरू नये. मेलेल्याचे पाप शोधू नका. आपले वर्तन सुधारा, हा त्याचा अर्थ. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात, पाचव्या आज्ञेच्या विवरणात, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर स्वतःचा व दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष म्हणून सांगितला आहे. पापनिवेदनास येणारे पुष्कळ लोक खोटे बोलल्याचे सांगतात, मिस्सा चुकल्याचे सांगतात. पिऊन मोटारसायकल चालवली, असे आजवर फारच थोड्यांनी आम्हास सांगितले आहे.

तेव्हा वाचकहो, महिन्यांकडे शकुन-अपशकुनाच्या नजरेने न पाहता शेतकरी जसा पंचांगाकडे कामाच्या नजरेने पाहतो तसे पाहू. नोव्हेंबरपासून ऊस रस्त्यावर येतो. ज्यांच्या घरी ट्रॉली आहे, बैलगाडी आहे, त्यांनी हंगामाआधी तिच्या मागे रेडियम लावावे, आणि बिघडलेली गाडी अंधारात दिव्याविना सोडून जाऊ नये. डिसेंबरात नाताळची मध्यरात्रीची मिस्सा आणि वर्षाची अखेर. जेथे पेला भरला जातो तेथून मोटारसायकलीची किल्ली काढून घेण्याचे धैर्य घरच्या वडीलधाऱ्यांनी दाखवावे. मे महिन्यात लग्नाच्या घरी एका दुचाकीवर तिघे-चौघे बसवून पाठवू नयेत. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल व धूळ मिसळून निसरडे होते. त्याआधी टायर आणि ब्रेक पाहून घ्यावेत. आणि बाराही महिने, अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अपघातात पालकास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगा गमावल्यानंतर ती कैद कोणाला जड वाटणार नाही, हे निराळे.

एक गोष्ट राहिली. जखमी मनुष्य रस्त्यात पडलेला दिसला तर आपले लोक थांबत नाहीत. पोलिसांचे झेंगट मागे लागेल अशी धास्ती असते. ही धास्ती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदतकर्त्याच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे असेही नाही. या मदतकर्त्यास कायद्याने दिलेले नाव कोणते, ठाऊक आहे? गुड समॅरिटन, म्हणजे आपला चांगला शोमरोनी. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या रस्त्यावर जो जखमी पडला होता, त्याला टाळून पुढे गेलेल्यांत पहिला याजक होता, हे आम्ही धर्मगुरूंनी विशेष लक्षात ठेवावे. देशाच्या कायद्याने प्रभूच्या दाखल्यातले नाव घेतले असता ख्रिस्ती मनुष्याने बाजूने निघून जावे, याहून लाजिरवाणे काय? १०८ हा क्रमांक फिरवण्यास पैसे लागत नाहीत.

संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ पासून नोव्हेंबरातील तिसरा रविवार रस्त्यावर बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ नेमला आहे. तो आपल्या मृतांच्या महिन्यातच येतो. त्या रविवारी आमच्या देवळात पेटीतील त्या तरुण नावांसाठी मिस्सा अर्पण होईल. इतर धर्मग्रामांनीही तसे करावे अशी आमची विनंती आहे.

त्या मातेविषयी सांगून थांबतो. मुलाच्या महिन्याच्या मिस्सेस ती आली तेव्हा जेवणावळीसाठी जमवलेले पैसे तिने आमच्या हाती ठेवले आणि सांगितले, "याचे रेडियम आणा." त्या हंगामात आमच्या तरुणांनी उभ्या ट्रॉल्यांना, गाड्यांना, येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी गाडीवानांच्या गाड्यांना तांबड्या पट्ट्या लावल्या. त्यामुळे आकडा किती उतरला, ते आम्ही सांगणार नाही. का सांगणार नाही हे वाचक आता जाणतात. चिंचेच्या वळणावरचा क्रूस आजही तेथे आहे. आम्ही तो काढला नाही. जागा शुद्ध करण्यासाठी तो तेथे आहे असे मात्र आता आम्ही कोणास म्हणू देत नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याने क्षणभर वेग कमी करावा आणि गेलेल्यांसाठी एक प्रार्थना म्हणावी, एवढ्यासाठी तो आहे.

आज घरी गेल्यावर दाराआडच्या खुंटीकडे एकदा पाहा. आणि प्रभो, आमच्या मृतांना चिरशांती दे.